काशेचे पाणचट भोपळे

काशे वारला त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर रेडिओ लागला होता. मी पोरांना हात धुवायला रांगेत उभं करत होते. बातम्या सांगणारी बाई मधाळ आवाजात म्हणाली, "सिनेमाच्या पडद्यावरचा जंगलचा माणूस अखेर आपल्या जंगलात विसावला." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी रेडिओला अशी थप्पड मारली की त्याचं बटण निखळून पोरांच्या पायात पडलं.

काशे जंगलात वारला नाही. तो स्वतःच्या शेतात वारला. भोपळ्यांचे वेल आणि गुरांचं काटेरी कुंपण यांच्या मधे, पंपाजवळच्या सावलीत, अंगात निळी पँट आणि कोपरावर रफू केलेला स्वेटर. छातीचं दुखणं जुनं होतं, खोकून खोकून माणूस काडीसारखा झाला होता. तरी आदल्या सकाळी त्याने एका वासराच्या खुरातला काटा काढला होता आणि वासराने त्याला लाथ मारली म्हणून त्याला आईवरून शिव्याही दिल्या होत्या. यात जंगल कुठे आलं? पण रेडिओवरच्या बाईला कोण सांगणार?

मी सांगते. मला अधिकार आहे, कारण मी त्याची बायको होते. खरी नव्हे. खरीचं नाव खोआन आणि माझंही नाव खोआन. आमच्यात एका नावाची माणसं एकाच जागची धरतात. खोआनचा नवरा तो माझा नवरा, तिची सासू ती माझी सासू. त्यामुळे मी सात-आठ वर्षांची असल्यापासून काशे मला दिसला की भर गावात ओरडायचा, "अगं बायको, चहा टाक! कामचुकार मेली!" आणि मी म्हणायची, "तुझ्यासारख्या म्हाताऱ्याला चहा नाही, राख देईन." असं बोलणं आमच्या नात्याला शोभतं. बाहेरचे लोक आम्हाला सान म्हणतात, बुशमन म्हणतात. आम्ही स्वतःला खरी माणसं म्हणतो. त्या नावाचा आम्हाला गर्व नाही, उलट गर्वाचं आमच्याकडे काय होतं तेच पुढे सांगायचं आहे.

काशे तरुणपणी पश्चिमेला एका गोऱ्याच्या गुरांवर राबला. तिथे त्याने गुरं शिकून घेतली: कुठल्या गाईला पान्हा फुटत नाही, कुठलं गवत पोट फुगवतं, साप चावलेल्या बैलाचं काय करायचं. मग तो आपल्या बापाच्या जमिनीवर, ग्वेशाला, परत आला. आमच्या जमिनीवर तेव्हा सगळे त्सुमक्वेच्या वस्तीत पत्र्याच्या खोल्यांत कोंबून राहत होते, सरकारी पीठ खात होते आणि दारू पिऊन एकमेकांची डोकी फोडत होते. काशे म्हणाला, मी जातो. खोआन म्हणाली, मीपण येते. तिची आत्या दीखाओ म्हणाली, तुम्ही दोघं मराल, आणि पहिल्याच गाडीत गाठोडं घेऊन चढून बसली. मागोमाग आमच्यासारखी आणखी काही घरंही गेली.

मदत करणाऱ्या काही लोकांनी पंप बसवून दिला, थोडी गुरं दिली. बाकी सगळं काशेने केलं. काटेरी फांद्या ओढून ओढून त्याचे हात सोलवटून निघाले. हत्ती पाण्यासाठी येऊन पंपाचा पाइप उपटायचे, हा पुन्हा बसवायचा. सिंहाने दोन वासरं नेली, तेव्हा कुंपणाशी जाळ पेटवून बायका-पुरुष पाळीपाळीने बसायचे. आणि हत्ती-सिंहापेक्षाही त्याला जड गेली ती स्वतःची माणसं.

आमच्याकडे मांस कुणा एकाचं नसतं. ज्याच्याकडे आहे तो वाटतो. आता दारात उभी गाय म्हणजे चार पायांवर उभं मांसच की! दूरदूरचे नातेवाईक यायचे, विस्तवाशी बसायचे, गाईकडे टक लावून बघायचे आणि म्हणायचे, "काशे, पोट कसं पाठीला लागलंय बघ." काशे म्हणायचा, "ही कापली तर उद्या संध्याकाळपर्यंत संपेल. हिचं दूध प्या." सगळ्यांत जास्त भडकायची ती दीखाओ आत्या. "चिक्कू मेला! गोऱ्याकडे राहून गोरा झालाय! मी मेल्यावर माझ्या हाडांवर ओत तुझं दूध!" असं ती रोज ओरडायची आणि रोज सकाळी डबा घेऊन दुधाला पहिली हजर असायची. काशेही तिचा डबा पहिला भरायचा.

आता आमची एक रीत सांगते, तिच्यावरच सगळं पुढे अडलं. कुणी मोठं जनावर मारून आला तर तो गावात येऊन गप्प बसतो. विचारलं तर म्हणतो, "छे, कसली शिकार! काहीतरी छोटंसं दिसलं, चुकून बाण लागला." मग लोक जातात, डोंगराएवढं हरीण बघतात आणि म्हणतात, "एवढ्यासाठी आम्हाला चालवलंस? नुसती हाडं! हे वाहून नेण्यापेक्षा सावलीत झोपलो असतो." मनात सगळ्यांना ठाऊक असतं किती चांगलं मांस आहे ते. पण तरण्याताठ्या माणसाने एकदा टेंभा मिरवायला सुरुवात केली, की तो स्वतःला मोठा समजतो, बाकीच्यांना नोकर समजतो आणि एक दिवस कुणाचा तरी जीव घेतो. म्हणून आम्ही त्याचं डोकं थंड ठेवतो. जो फुशारकी मारतो त्याच्या विस्तवाशी कुणी बसत नाही.

काशे या रितीत अगदी मुरलेला. पहिली गाय व्याली तेव्हा मी विचारलं, "काय झालं?" म्हणाला, "काय होणार? उंदीर झाला." मी जाऊन बघितलं, तर इतकं देखणं वासरू! मी म्हटलं, "उंदीरच आहे, आणि तोही आजारी." काशे दिवसभर खूश होता. त्याचे भोपळे सगळ्या भागात नावाजलेले, आणि गावात त्यांना एकच विशेषण होतं: पाणचट. "आण रे तुझा तो पाणचट भोपळा," असं म्हटलं की तो सगळ्यांत मोठा निवडून आणायचा.

तर असा हा शेतकरी माणूस. याच्या दारात सिनेमावाले आले.

सिनेमाचा साहेब उंच होता, सारखा घाम पुसायचा. वाईट नव्हता. पण डोळे असून बघत नव्हता. काशे त्या वेळी पंपाला तेल देत होता. कुणीतरी काही बोललं आणि काशे हसला. त्याचं हसणं म्हणजे चेहऱ्यावर एकही जागा रिकामी राहायची नाही. साहेब म्हणाला, हाच पाहिजे. मग दुभाष्यामार्फत जे बोलणं झालं ते आम्ही पुढे वर्षानुवर्षं नकला करून करून हसलो.

साहेब म्हणाला, "पँट काढ."

काशे म्हणाला, "का?"

"तुझ्याकडे पँट नाही."

काशेने खाली बघितलं. "मग ही काय आहे?"

"सिनेमातल्या माणसाकडे नाही. त्याने पँट कधी बघितलेलीच नाही."

"आंधळा आहे का बिचारा?" काशेने कळवळून विचारलं.

पँट काढली. कातड्याची लंगोटी आणली तीही म्हाताऱ्या तोमाच्या पेटीतून, कारण आम्ही सगळे केव्हाचे कपड्यात होतो. मग म्हणाले पंप दिसता कामा नये, त्याच्यावर फांद्या टाका. गाई दिसता कामा नयेत, त्यांना लांब हाकला. भोपळ्याचे वेल दिसता कामा नयेत, तर सिनेमावाल्यांच्या गाडीनेच ते तुडवले. आम्हा बायकांना मण्यांच्या माळा घालून मागून चालायला लावलं. माझ्या हातात एक कलिंगड होतं, ते दिवसभर वाहिलं आणि शेवटी कुणी खाऊही दिलं नाही, कारण उद्या परत तेच लागणार होतं.

गोष्ट अशी होती, की जंगलातल्या माणसाला वाळूत एक काळी छत्री सापडते. त्याला वाटतं हा पक्षी आहे. तो तिच्याशी बोलतो, तिला पाणी पाजतो, मग ती वाऱ्याने उघडते आणि तो जीव घेऊन पळतो. काशेच्या घरी छत्री होती. खोआन उन्हाची ती घेऊन दुधाचे डबे वाटत फिरायची.

"घाबर," साहेब म्हणाला.

"कशाला? भोक पडलंय हिला. पावसात उपयोगाची नाही," काशे म्हणाला.

पण तो शिकला. काशे कुठलंही काम शिकायचाच. मला एकदा म्हणाला, "बायको, सोपं आहे ते. आधी स्वतःला उचलून बाजूला ठेवायचं, झाडाखाली. मग तो दुसरा माणूस येतो आणि छत्रीला घाबरतो. काम झालं, की झाडाखालून स्वतःला परत उचलून आणायचं. विसरायचं मात्र नाही."

तो सिनेमा कुठे कुठे गेला. देशोदेशी लोक पोट धरून हसले. काशेला विमानातून थंडीच्या मुलखात नेलं, तिथे थिएटरच्या दारात लंगोटीवर उभं केलं. हिवाळ्यात! हॉटेलात त्याला विचारलं, तुम्हाला जमिनीवर झोपायला आवडेल ना? तो म्हणाला, "मग हा पलंग कुणासाठी ठेवलाय?" हे सांगताना तो हसायचा. मला हसू येत नाही. छातीचं दुखणं तिथूनच घेऊन आला तो, असं मी आजही म्हणते, डॉक्टर काही का म्हणेनात.

परत येताना त्याने पेटीभर सामान आणलं आणि रितीप्रमाणे दोन दिवसांत वाटून टाकलं. पेटीसुद्धा कुणीतरी नेली. सिनेमावाल्यांनी ग्वेशाला चादर बांधून सिनेमा दाखवला. आम्ही वाळूत लोळून हसलो. छत्रीला नव्हे, काशेच्या पायांना. "हे पाय की काटक्या?" "अरे पळतोय बघ, दीखाओ आत्यासुद्धा याच्याहून जोरात पळेल!" आत्या म्हणाली, "एवढ्यासाठी विमानातून नेलं? मला नेलं असतं तर बरं काम केलं असतं." काशे अंधारात बसून समाधानाने मान डोलवत होता. गावाने त्याला आपला केला होता.

आम्हाला ती थट्टा होती. बाहेर लोकांना ते खरं वाटलं. आणि एकदा का लोकांना एखादं खोटं गोड लागलं, की खरं त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

दोन वर्षांनी खाकी कपड्यातले साहेब आले. राजधानीतल्या एका मोठ्या कचेरीतून. त्यांच्या डोक्यात होतं, की आमची सगळी जमीन रानटी जनावरांसाठी राखायची, बघायला प्रवासी येतील. आम्हाला काढणार नव्हते, हो! आम्ही राहायचं, पण रानातल्या माणसांसारखं. गाई नकोत, कुंपण नको, पंप नको. धनुष्यबाण घेऊन फिरा, प्रवाशांना बरं वाटेल. म्हातारी माणसं पाण्यावाचून मेली तरी चालतील, पण लंगोटीत मेली पाहिजेत. एवढं सगळं ते हसतमुखाने सांगत होते.

त्यांतल्या मुख्य साहेबाला मिशा होत्या. तो काशेला बघून हरखलाच. "अरे, हा तर छत्रीवाला!" हातात हात घेऊन हलवत राहिला. मग नीट खुर्ची टाकून बसला आणि दुभाष्यातर्फे विचारलं, "इथे तुमची शेती आहे म्हणतात. कशी आहे?"

आता काय सांगू! पाहुणा भर गावात विचारतो, तुझी शेती कशी आहे. आमचा माणूस काय उत्तर देईल? काशे खाली बघून म्हणाला, "कसली शेती? माती उकरतो झालं."

"गुरं आहेत?"

"गुरं कसली! चार हाडं उभी आहेत. सिंहसुद्धा तोंड लावत नाही."

"आणि पीक?"

"भोपळे लावतो. पाणचट होतात."

आणि आम्ही सगळ्यांनी, मूर्खांनी, रितीप्रमाणे री ओढली. "हो हो, अगदी पाणचट!" आत्या ओरडली, "दूध म्हणजे नुसतं पांढरं पाणी!" आम्हाला वाटलं, काय छान बोलणं चाललंय, पाहुण्याला कळलं असेल किती भरभराट आहे ते. दुभाष्या त्सुमक्वेचा, दुसऱ्या जमातीचा, त्याला आमची रीत ठाऊक नव्हती. त्याने शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. मिशीवाल्याने सोबत्यांकडे बघून मान हलवली.

"बघा," तो म्हणाला, "हे स्वतःच म्हणताहेत. यांना शेती जमत नाही. यांच्या रक्तातच नाही ती. उगाच कशाला ओझं?"

जाताना सांगून गेले: रान भाजणारं ऊन सुरू होईल तेव्हा पुन्हा येऊ, आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांची सभा घेऊ, आणि मग गुरं न्यायला आणि पंप काढायला ट्रक पाठवू. ग्वेशापासून सुरुवात.

गाडीची धूळ बसली. खोआनने, खऱ्या खोआनने, सगळ्यांत आधी तोंड उघडलं. "काशे, तुला खरं सांगावं लागेल. चांगली शेती आहे म्हणून. सगळ्यांसमोर."

काशेने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्याला पुन्हा पँट काढायला सांगितली होती. "स्वतःच्या तोंडाने?"

"नाहीतर कुणाच्या?"

"मेलो तरी नाही. लोक माझ्या विस्तवाशी बसतील का नंतर?"

"पाणीच नसेल तर विस्तवाशी बसायला लोक कुठून आणशील?" खोआन म्हणाली. "गाई जातील. हा म्हातारा तोमा, ही आत्या, यांना परत पत्र्याच्या खोलीत नेऊन घालशील? तिथे दारूवाल्यांत?"

काशेला फक्त बोलायचं होतं, आणि तेच त्याला जमत नव्हतं. चोरी करायला सांगितली असती तर त्याने एवढा विचार केला नसता. मला त्याची दया यायची आणि साहेबांचा राग यायचा. चांगल्या माणसाला त्याच्या चांगुलपणासकट कोपऱ्यात गाठायचं, याला काय म्हणावं?

एका सकाळी मी पाण्याला गेले तर कुंपणाच्या आत कुणीतरी बोलत होतं. डोकावले. काशे गाईंसमोर उभा होता, छाती पुढे काढून. "या गाई माझ्या आहेत," तो गाईंना सांगत होता. "यांच्याइतक्या तगड्या गाई या मुलखात नाहीत." एक गाय शेपटी हलवत रवंथ करत होती. काशेचे कान लाल झाले होते. मला बघून तो दचकला.

"बायको, गेलीस का? जा!"

"काय करतोयस?"

तो हळूच म्हणाला, "स्वतःला झाडाखाली ठेवून बघतोय. तो दुसरा माणूस बोलेल. बढाईखोर माणूस. मी नाही."

मी परत फिरले. पाणी न भरताच.

सभेच्या दिवशी बाओबाबच्या झाडाखाली सगळ्या वस्त्यांची माणसं जमली. साहेब खुर्च्यांवर, आम्ही वाळूत. मिशीवाला बराच वेळ बोलला, जनावरांबद्दल, आमच्या पूर्वजांबद्दल. आमचे पूर्वज त्याला आमच्याहून जास्त ठाऊक होते. मग त्याने विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का?

काशे उठला. निळी पँट, धुतलेला शर्ट. त्याने एकदा झाडाकडे बघितलं आणि मग सुरू केलं.

"मी काशे. हे शेत माझं. मी चांगला शेतकरी आहे." लोकांच्या माना खाली गेल्या. "माझ्या गाई तगड्या आहेत. मी त्यांना सिंहापासून राखलं. माझं दूध या गावातली सगळी पोरं पितात. हत्तीने पंप मोडला तर मी जोडतो, मला कुणी शिकवावं लागत नाही. माझा भोपळा उचलायला दोन बाया लागतात. आणि तो गोड असतो." शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज चिरकला. बायकांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले होते. दुसऱ्या वस्तीतला एक म्हातारा उठून पाठ फिरवून बसला. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि त्याच वेळी उठून त्याच्या शेजारी उभं राहावंसं वाटत होतं.

दुभाष्याने सगळं सांगितलं. मिशीवाला ऐकत होता. मग तो हसला आणि टाळ्या वाजवायला लागला. खरंच टाळ्या!

"वा!" तो म्हणाला. "काय नट आहे! मी सिनेमा तीनदा बघितलाय. तरी मला वाटलं नव्हतं, हा इतकं मोठं भाषण पाठ करू शकेल. कुणी शिकवलं याला?"

सोबतचे साहेबही हसले, टाळ्या वाजवल्या.

छत्रीला पक्षी समजणारा काशे त्यांना खरा वाटला. भोपळा पिकवणारा काशे त्यांना सोंग वाटला. ज्या दिवशी त्याने जन्मात पहिल्यांदा, जीव मुठीत धरून, सगळ्या गोतावळ्यासमोर स्वतःची लाज सोडून खरं सांगितलं, त्या दिवशी त्याला टाळ्या मिळाल्या!

काशे उभाच होता. हात लोंबत होते. झाडाखालून स्वतःला परत उचलून आणायचं असतं, ते त्याला सुचत नव्हतं. त्याला खाली बसायलाही सुचत नव्हतं.

तेव्हा दीखाओ आत्या उठली.

तिला उठायला वेळ लागायचा, आधी हात टेकायचे, मग गुडघा. उठली ती हातात दुधाचा डबा घेऊन. तिने जन्मात कुणाला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. स्वतःच्या पोरांना नाही, देवाला नाही. ती सरळ मिशीवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दूध चांगलं आहे," ती म्हणाली.

दुभाष्यासुद्धा सांगायचं विसरला.

"सांग त्याला!" आत्या दुभाष्यावर खेकसली. "याचं दूध चांगलं आहे. दाट आहे. मी रोज पिते. माझे दात गेले, मला मांस चावत नाही, या दुधावर मी जिवंत आहे. मी याला चिक्कू म्हटलं, कारण याने गाय कापली नाही. कापली असती तर आज मी मेलेली असते. हा चांगला माणूस आहे." शेवटचं वाक्य बोलताना तिने डोळे घट्ट मिटले होते.

मग खोआन उठली. "भोपळे गोड असतात." मग म्हातारा तोमा उठला. "ती लंगोटी माझी होती. याची नव्हे. याच्या घरात लंगोटी नव्हतीच." मग मी उठले आणि काय बोलले ते मला आठवत नाही, पण बराच वेळ बोलले आणि ओरडून बोलले. मग दुसऱ्या वस्त्यांतले उठायला लागले. याने मला बी दिलं. याने माझ्या बैलाचा पाय बसवला. याच्याकडे बघून मी कुंपण घातलं. एकेक जण उठायचा, खाली मान घालून एक चांगलं वाक्य बोलायचा आणि शिवी खाल्ल्यासारखा बसायचा. पाठ फिरवून बसलेला तो म्हातारासुद्धा, पाठ न वळवता, म्हणाला, "गाई तगड्या आहेत. मी बघितल्यात."

मिशीवाल्याचं हसू केव्हाच मावळलं होतं. एवढी सगळी माणसं एकदम नट होऊ शकत नाहीत, एवढं त्याच्याही डोक्यात शिरलं असावं. तो म्हणाला, "चला, दाखवा." काशेने त्याला गाई दाखवल्या, पंप दाखवला, भोपळ्याचे वेल दाखवले. एक शब्द बोलला नाही. बोलायचं ते संपलं होतं. साहेब गेले. ट्रक आले नाहीत. पुढे देशात नवं राज्य आलं, साहेब बदलले, नवे साहेब नवी स्वप्नं घेऊन आले आणि त्यांच्याशी आम्ही नव्याने भांडलो. पण ग्वेशाचा पंप जागेवर राहिला. आजही आहे.

त्या दिवशी मात्र गाड्या गेल्यावर आम्ही कुणी कुणाकडे बघेना. सगळ्यांनी एका माणसाला त्याच्या तोंडावर चांगलं म्हटलं होतं. अशी लाज आम्हाला कधी वाटली नव्हती. काशे कुंपणाला टेकून जमिनीकडे बघत होता. आता याच्या विस्तवाशी कोण बसणार, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेला.

आत्याने डब्यातलं उरलेलं दूध एक घोट प्यायलं. तोंड वाकडं केलं.

"पातळच आहे म्हणा," ती म्हणाली.

क्षणभर कुणालाच कळेना. मग तोमा म्हणाला, "आणि गाई? हाडं मोजता येतील." "भोपळे तर काय!" खोआन म्हणाली. आणि मग जो ऊत आला! "पाणचट!" "डुकरंसुद्धा खाणार नाहीत!" "आणि ते पाय! काटक्या!" आम्ही ओरडत होतो, हसत होतो, रडत होतो. काशेचा चेहरा हळूहळू भरत गेला, एकही रिकामी जागा राहिली नाही. तो म्हणाला, "चला, त्या हाडांचं दूध काढायचंय," आणि सगळे त्याच्या विस्तवाशी जाऊन बसले.

त्याला पुरलं, तेव्हा शहरातून एक वार्ताहर आला होता. त्याने मला विचारलं, लंगोटीतला फोटो आहे का? मी त्याला भोपळा दिला. त्याला वाटलं, मी वेडी आहे.

काशे, मी तुझ्याबद्दल इथे इतकं चांगलं बोलले, की तू ऐकलं असतंस तर कान लाल करून कुंपणात जाऊन लपला असतास. पण त्या रेडिओवाल्या बाईला कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. आता तुझ्यापुरतं बोलते, नवऱ्या, नीट ऐक. तुझ्या गाई हाडकुळ्या होत्या. तुझे पाय काटक्या होते. आणि तुझे भोपळे पाणचट होते, जन्मभर पाणचट, त्यांतलाच एक आज चुलीवर शिजतोय आणि पोरं आणखी मागताहेत.